अंग ढिलं सोडून

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू अंथरुणाला खिळलीस आणि ज्युदोच्या वर्गातली माझी जोडीदारीणच गेली. इतकी वर्षं आपणच एकमेकींना आपटलं, दुसऱ्या कुणाला विचारायची वेळच आली नाही. आता सरांनी जोड्या करायला सांगितल्या की मी उगाच पट्टा सोडून पुन्हा बांधत बसते. कपडे शिवायच्या कारखान्यात दिवसभर मान खाली घालून निभावतं. इथे अनोळखी बाईला काय सांगू, मला धर आणि पाड?

डॉक्टर काय म्हणाले, ते तू लिहीत नाहीस. भाऊजी विषय बदलतात.

तुझ्या रागालोभाची हक्कदार,
गोगलगाय

१६ फेब्रुवारी

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

डॉक्टर म्हणाले, स्नायू झिजत जाणार, औषध नाही. झालं समाधान?

पाय माझे गेले, तू कशाला हातपाय गाळतेस? ती बस चालवणारी धिप्पाड बाई अजून येते ना? तिला विचार. लाजून मरू नकोस, मरायचा नंबर आधी माझा आहे.

अक्षर वाकडं आलंय. हसलीस तर बघ.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं! तोंडातून आवाजच फुटेना. तिला वाटलं मला पाणी हवंय, तिने बाटली पुढे केली. मुकाट्याने प्यायले आणि पुन्हा विचारलं. मग तिने मला असं आदळलं की पाठ अजून ठणकतेय. उठवताना म्हणाली, तिच्या वजनाला घाबरून कुणी जवळच येत नाही.

तुझं उत्तर लवकर येऊ दे. जीव लागून राहतो.
गोगलगाय

२० एप्रिल

चि. मेहुणीबाईंस,
अ. आ.

तिच्या बोटांत पेन ठरत नाही, म्हणून मी लिहितोय. परवा खुर्चीत बसवताना ती माझ्या हातून निसटली. कपाळाला टाके पडले. शेजाऱ्यांना हाक मारायला जीभ रेटेना. तिला उचलताही येईना. उशी देऊन तसाच फरशीवर बसून राहिलो, कामवाली येईपर्यंत. तुला कळवायचं नाही, असं तिने बजावलंय. मी कळवतोय.

भाऊजी

२६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींवर चिडू नकोस. कारखान्यातलं काम सोडलंय. शनिवारी येतेय, राहायला.

काल वर्ग सुटल्यावर त्या बाईला थांबवलं. म्हटलं, अंग अगदी ढिलं सोडून गादीवर पडा, मला माणूस उचलायला शिकायचंय. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. ती निमूट आडवी झाली. दोनदा माझ्या हातून घसरली, तरी स्वतःला सावरलं नाही. तिसऱ्यांदा बगलेतून हात घालून तिला छातीशी धरलं आणि वर उठवलं. तिची मान माझ्या खांद्यावर कलंडली, आणि मला रडू आवरेना.

ती तशीच राहिली, अंग ढिलं सोडून, माझं रडून होईपर्यंत.

तुझीच,
गोगलगाय