रविवारचे पिक्चर अन् अकोल्याचं स्थळ

९ नोव्हेंबर, रविवार

पिक्चर पाहून आली. नायकाला रक्ताचा कॅन्सर, हे इंटरव्हलच्या आधी कळतं. मग नायिका त्याच्यामागे बर्फात धावते, पातळ साडीत, बिना स्वेटरची. शेवटी तो तिच्या मांडीवर मरतो.

माझं मत: दवाखान्यात त्याचं रोज रक्त काढताना दाखवलंय, पण हातावर एक निळा डाग नाही. मी सतरा वर्षं लॅबमधे लोकांचं रक्त काढते, आठ दिवसांत हात कसा होतो ते माहीत आहे. गाणी बरी.

शेजारी अकोल्याचे विलास. मरायच्या सीनला रडले. लपवून नाही. चष्मा काढला, रुमालानं डोळे पुसले, मग चष्मा पुसला, घातला. मी पॉपकॉर्नचा डबा धरून बसली होती. रिकामा झाला होता तरी धरून.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तुमाले नाही आवडला वाटते."

म्हटलं, "ठीक होता."

"ठीक होता," असं त्यांनीच पुन्हा म्हटलं अन् स्टँडचा ऑटो पाहू लागले.

११ नोव्हें., मंगळ

वहिनीनं दोन दिवस दम धरला. आज भाजी निवडताना विचारलंच. "काय बोलले?"

"पिक्चर चालू होता, काय बोलणार."

"अन् नंतर?"

"ऑटो मिळाला."

वहिनीनं मेथीची जुडी ठेवून दिली. हे पिक्चरचं तिच्याच डोक्यातलं. घरी समोरासमोर बसवलं की दोघंही सतरंजीकडे पाहतात, त्यापेक्षा थेटरात बसा, एक रविवार अमरावती, एक रविवार अकोला, तीन-चार पाहून झाले की हो-नाही सांगा. दादाला पटलं. विलासना पण पटलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, चालते.

वि. (आता असंच लिहीन) पन्नाशीचे. जठारपेठेत चष्म्याचं दुकान. बायको आठ वर्षांपूर्वी सोडून गेली, रीतसर घटस्फोट. घरी आई. मूलबाळ नाही. मी त्रेचाळीस. नरेशला जाऊन चार वर्षं. मलाही मूलबाळ नाही. कागदावर चांगलं जुळते.

१६ नोव्हें., रवि

वि. ना दुकान होतं, गिऱ्हाईकी. आज पिक्चर नाही. इस्त्री करता करता मोबाइलवर एक पाहिला. लंडन. दोघं पाच वर्षं मित्र, सगळ्या जगाला दिसतं, त्यांनाच दिसत नाही. शेवटी विमानतळावर. विमानतळावर तिकिटाशिवाय आत सोडतात का, कोणी विचारत नाही. सहा साड्या, चार ड्रेस झाले. दादाचे शर्ट राहिले.

१९ नोव्हें.

लॅबमधे आज एक जोडपं, लग्नाच्या आधीची तपासणी. ती सुईला घाबरत होती. तो म्हणे माझं आधी घ्या, तिला दिसू द्या काही होत नाही. त्याचं घेतलं तर तोच पांढरा पडला. ती हसली अन् हात पुढं केला. हे मी पिक्चरमधे पाहिलं नाही कधी.

२३ नोव्हें., रवि. अकोला

बडनेऱ्याहून गाडी, खिडकीची जागा. वि. स्टेशनवर होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन.

आधी दुकानात नेलं. लहान आहे, स्वच्छ. काचेच्या मागं फ्रेमा ओळीनं. मग घरी. आईंना कमी ऐकू येतं. मी "जय भीम" म्हटलं ते त्यांना ऐकू गेलं नाही, हात जोडलेले दिसले. "हे का?" त्यांनी वि. ना विचारलं, जोरात. "हे का ते अमरावतीची?" वि. नी मान हलवली. आईंनी मला खालून वरपर्यंत पाहिलं अन् म्हणाल्या, "बारीक आहे." जेवायला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

पिक्चर मराठी. पुण्यातला. दोघं नवराबायको, वेगळं व्हायचं ठरवतात, मग जुनं आठवत जातं. भांडताना एकमेकांचं वाक्य पूर्ण होऊ देतात. घरात कुठंच डबे नाहीत, भांडी नाहीत, फक्त झाडं. आमच्या घरात मी अन् नरेश भांडलो नाही कधी. चौदा वर्षांत भांडायला लागेल इतकं बोलणंच झालं नाही. तो वाईट नव्हता. यायचा, टीव्ही लावायचा, जेवायचा. गेला तेव्हा बाया म्हणाल्या, हिला रडू द्या, हिला मोकळं करा. मला रडू येत नव्हतं अन् सगळ्या वाट पाहत होत्या. शेवटी पदर तोंडाला लावून बसली.

वि. या पिक्चरला पण रडले. नायिका सामानाचे खोके भरते तिथं. मी विचारलं नाही. मला समजलं होतं.

३० नोव्हें., रवि

आज अमरावती. दक्षिणेकडचा, हिंदीत केलेला. नायक तीन वर्षं तिच्या कॉलेजच्या गेटवर उभा. ती नाही म्हणते, तो उभाच. हाताची नस कापतो. मग ती हो म्हणते. थेटरात पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या.

वि. अर्ध्यात माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे तर पोलीस केस आहे जी." पहिल्यांदा आमचं मत जुळलं.

नंतर राजापेठेत चहा. तिथं झालं ते लिहून ठेवते.

त्यांनी विचारलं, "एक विचारू? तुमाले कोणताच पिक्चर पाहून काहीच होत नाही काय?"

म्हटलं, "नाही होत."

"मालक गेले तेव्हापासून?"

सगळे हेच समजतात. दादा, वहिनी, लॅबचे डॉक्टर. मी पण समजू देते, सोपं पडतं. आज का कोणास ठाऊक, खरं सांगितलं. म्हटलं, "नाही. त्याच्याही आधीपासून. नरेश असतानाही असंच होतं. त्याच्या जाण्यानं झालं असं नाही. मले आठवतच नाही कवापासून. तुमी हो म्हणायच्या आधी तुमाले माहीत पाहिजे."

ते कपात पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं केलं सांगितलं." कप ठेवल्यावर, "मले जरा विचार करू द्या."

म्हणजे आता उत्तर त्यांच्याकडे. इतके दिवस सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

त्यांनी ऑटोत बसताना हात केला. मी पण केला.

३ डिसेंबर

काही नाही. एकतीस पेशंट. एक लहान बाळ, टाचेतून घेतलं.

६ डिसें., शनि

सकाळी सगळे विहारात. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, रांग मोठी. परत येताना दादा म्हणाला, "अकोल्याचा फोन नाही आला. तू काही बोलली काय त्याईले?"

"बोलली."

"काय?"

"जे आहे ते."

दादा चालत राहिला. पुढं जाऊन वहिनीला काहीतरी म्हणाला. तिनं मागं वळून पाहिलं, रागावून नाही. मला वाटतं, रागावली असती तर बरं झालं असतं, निदान जेवताना मला जास्त वाढलं नसतं.

९ डिसें.

वि. चा मेसेज. मोठा. उतरवून ठेवते, मोबाइलमधलं उडून जातं.

"सुनंदाजी, मी घाबरलो आहे. आमची ही सगळ्यांसोबत हसायची, शेजारी, पाहुणे, दुकानातले. माझ्यासमोर आली की गप. ते मी सात वर्षं पाहिलं. पुन्हा तसंच पाहणं मले होणार नाही. तुमचं तसं आहे काय, एवढंच सांगा."

दुपारी डबा खाताना उत्तर दिलं. "मी सगळ्यांसमोरच गप आहे."

दोन निळ्या खुणा आल्या. मग बऱ्याच वेळानं त्यांच्याकडून तो हसणारा पिवळा चेहरा आला. एकच. अन् काही नाही.

आज मोबाइल किती वेळा पाहिला ते मोजलं नाही. पण पाहिला.

१२ डिसें., शुक्र

लॅबमधे असताना वि. चा फोन. आवाज बसलेला. आईंचं सोडियम कमी झालं होतं, पाच दिवस दवाखान्यात होत्या (मेसेज केला तेव्हाही, पण सांगितलं नव्हतं), परवा घरी आणलं. आता एक दिवसाआड रक्त तपासायचं आहे, पण म्हाताऱ्या हाताची नस सापडत नाही. काल दोन ठिकाणी टोचलं, मिळालं नाही, हात सुजला, आता आई कोणाला हातच लावू देत नाहीत.

"तुमाले माहीत असन म्हणून विचारतो. काय करावं?"

सांगितलं: हात गरम पाण्यानं शेका, खाली लोंबता ठेवा, पाणी पाजा, डॉक्टर म्हणतील तेवढंच. ते म्हणाले बरं. मी पण बरं म्हटलं.

फोन ठेवल्यावर उद्याची सुटी टाकली.

१३ डिसें., शनि. अकोला

न सांगता गेली. बॅगेत लहान मुलांची सुई, ती बारीक, पंखवाली. दारात वि. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. बाजूला झाले.

आईंनी हात पदरात लपवला. "नाही म्हणजे नाही."

मी बाजूला बसली. घाई नाही केली. हात शेकला, मग बोटांनी चाचपत गेली. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला एक सापडली, दोऱ्यासारखी. डोळ्यांना दिसत नाही ती, बोटालाच लागते. आई बडबडत होत्या, त्यांना वाटलं मी अजून शोधूनच राहिली. तोवर नळी भरली होती.

"झालं?" त्यांना विश्वास बसेना.

"झालं."

त्यांनी माझं बोट धरून पाहिलं, उलटसुलट. मग जोरात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, "विलास, इचा हात लय हलका आहे रे."

वि. नळी घेऊन लॅबमधे पळाले. मी आईंचे केस विंचरून दिले, पाच दिवसांचा गुंता होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला काय वाटलं? काही नाही वाटलं. पण हात थांबवावासा वाटला नाही. एवढं लिहिते, याच्यापुढं मला लिहिता येत नाही.

१५, १७, १९ डिसें.

पहाटेची गाडी, अकराला परत लॅबमधे. तीनही वेळा एकाच टोचण्यात मिळालं. सोडियम वर येत आहे. डॉक्टर म्हणाले आता बंद केलं तरी चालते. वहिनी डबा देते, विचारत काही नाही. दादा बडनेऱ्यापर्यंत सोडतो.

२१ डिसें., रवि. अकोला

आज रक्त नव्हतं. तरी गेली. आई उठून बसलेल्या, चहाची बशी स्वतः धरून. वि. ची बहीण आली आहे बुलढाण्याहून. आईच म्हणाल्या, "जा तुमी पिक्चरले. मी काई मरून नाही राहिली."

वि. म्हणाले कशाला आता. आई म्हणाल्या, जा.

गेलो. नवीन लागलेला. रेल्वेतली गोष्ट. तो तिकीट तपासनीस, ती रोज येणारी-जाणारी नर्स. दिवे गेले, नावं संपली, मी त्यांच्याकडे पाहिलं तर वि. झोपले होते. मान पलीकडे स्वतःच्याच खांद्यावर, तोंड थोडं उघडं. आईंच्या उशाशी बसून किती दिवसांची झोप राहिली असेल. चष्मा नाकावरून घसरत होता. काढून माझ्या पर्समधे ठेवला.

पिक्चर मी एकटीनं पाहिला, पूर्ण. मध्यंतरात पण उठवलं नाही. रडायच्या तीन जागा आल्या, तीनही त्यांच्या हुकल्या. मला वाटलं, इथं रडले असते. इथंही. शेवटी तिची बदली होते, ती गाडीत बसते, तो प्लॅटफॉर्मवर उभा. गाडी सुटते. ती खिडकीतून पाहत नाही. संपतो.

दिवे लागले तेव्हा ते दचकून उठले. हातानं चष्मा शोधू लागले. मी दिला.

"झोपलो काय मी?"

"हाव."

"सगळाच?"

"सगळाच."

लाजले. स्टेशनपर्यंत पायी निघालो, माझ्या गाडीला वेळ होता. म्हणाले, सांगा ना मंग, काय होतं. मी सांगत गेली. कोण कुठं भेटलं, कोणाचा बाप काय म्हणाला, गाणं कुठं आलं. ते म्हणाले, "तुमी असं सांगता जसा रिपोर्ट वाचून राह्यल्या." पण ऐकत होते. पुलाजवळ एकदा थांबून चष्मा पुसला त्यांनी. बापाच्या सीनला. नुसतं सांगितलं तरी.

"अन् शेवट?"

"तिची बदली होते. गाडीत बसते."

"अन् जाते?"

म्हटलं, "जाते. पण पुढच्या स्टेशनवर उतरते. सामान घेऊन बाकावर बसते."

"वापस येयाले?"

"ते दाखवलं नाही. बसली आहे, एवढंच. तिथं संपतो."

त्यांनी मान हलवली. "चांगला होता मंग," म्हणाले.

गाडी आली. मी चढली. मूर्तिजापूर आलं, गेलं. मी बसून होती. पिक्चरमधे ती उतरत नाही. बाक नाहीच त्यात कुठं. ते माझ्या तोंडून कसं निघालं, बडनेऱ्यापर्यंत विचार केला, समजलं नाही.

२२ डिसें., सोम

सकाळी दादा पायरीवर बूट घालत होता. म्हणाला, "विलासचा फोन आला होता. त्याईकडून हो आहे म्हणते. आता तुयं काय सांगू?"

मी म्हटलं, "ऑफिसले जाय तू. उशीर होऊन राह्यला."

तो गेला नाही. एक बूट घालून तसाच बसून राहिला. मी पण शेजारी बसली.