बुटक्या घोड्याच्या टापा वाजत राहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्राणी नोंदणी अधिकारी,
नगरपालिका कार्यालय

विषय : आमचा बुटका घोडा गुरुवारी उचलून न नेण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस. २) खालच्या मजल्यावरील बाईंच्या दोन तक्रारी (पहिली आवाजाची, दुसरी आवाज नसल्याची).

महोदय,

मी चप्पल-बूट दुरुस्तीचे काम करतो. माझ्या पत्नीची दृष्टी पूर्ण गेलेली असून छटाक नावाचा आमचा घोडा तिला वाट दाखवतो. तो माझ्या गुडघ्याच्या वर जेमतेम वीतभर आहे. नोटिशीत त्यास ‘अश्व’ म्हटले आहे. शेजारचे काका वाचून हसले. मी मात्र ती पुन्हा पुन्हा वाचली.

२. बाईंची पहिली तक्रार टापांच्या खटखटीची होती व ती रास्त होती. म्हणून मी स्वतः छटाकसाठी मऊ तळाचे चार बूट शिवले. काम इतके झकास झाले की तो मांजरासारखा चालू लागला. त्यावर बाईंची दुसरी तक्रार, की घोडा चाहूल न देता जिन्यात समोर येतो आणि छातीत धस्स होते.

३. साहेब, माझ्या छातीत त्याहून मोठे धस्स झाले. घरात पत्नी त्या खटखटीवरच वावरते. टाप वाजली की वाट मोकळी, थांबली की पुढे पायरी, एवढाच तिचा हिशेब. बूट घातल्यावर तिला वाटले, तो शेजारूनच बिनआवाज चालतो आहे. तो होता स्वयंपाकघरात. ती दार उघडून निघाली, ती थेट जिन्याकडे. मी कसाबसा तिचा दंड धरला. छटाक कुठाय, एवढेच तिने विचारले. त्याच दिवशी बूट काढले.

४. आता गुरुवारी आपली गाडी येणार. खाली कुठलीही गाडी थांबली की माझ्या हातातली आरी थांबते. पत्नीला अजून सांगितलेले नाही, जीभच रेटत नाही. आपली माणसे भलीच असतील, पण ती त्याला नेणार कशी? तसाच नेला, तर टापा वाजतील आणि पत्नी सवयीने त्यांच्यामागे जिन्यात पाऊल टाकील. बूट घालून नेला, तर ती कान लावून दारात उभी राहील, आणि मी तिला काय सांगू? यातले काय मागावे, हे मला ठरवता येत नाही. सबब, त्यास नेऊच नये, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र व भेदरलेला,
(सही)
चप्पल-बूट दुरुस्तीवाला, तिसरा मजला
सोमवार

सोबत : घोड्याचे बूट, चार. घरात ठेवायची भीती वाटते.