पडवीतली पांढरी मारुती

चिखलोली,
३ मार्च २०२५

प्रिय सुषमा,

टपालाने आलेलं पाकीट बघून तू ते आधी उलटसुलट करशील. माझं अक्षर ओळखशील की नाही, कोण जाणे. बत्तीस वर्षांत मी तुला लिहून दिलं ते फक्त वाण्याच्या यादीत, खाली कुठेतरी ‘चहापावडर संपली’ एवढंच. नेत्रा म्हणाली, “बाबा, सरळ फोन करा ना.” पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी विचारतो, बरी आहेस ना, तू म्हणतेस हो. तू विचारतेस, प्रेशरची गोळी घेता ना, मी म्हणतो हो. मग तुझ्या वाडीतली रेंज जाते, किंवा गेली असं आपण दोघंही धरून चालतो.

इकडचं सांगतो. आपल्या घराच्या मागच्या अंगाला, जिथे तू वाल लावायचीस, त्याच्या पलीकडे आता बावीस मजल्यांची इमारत उभी राहिली आहे. सकाळचं ऊन साडेनऊपर्यंत आपल्याकडे येत नाही. नव्या स्टेशनची बोलणी चालूच आहेत, त्या आशेवर लोक फ्लॅट घेतात. नेत्रा महिन्यातून एकदा येते, डबे भरून ठेवते, फ्रिज पुसते आणि जाताना माझ्याकडे बघत राहते. दिवाळीला मी कंपनीतून रिटायर झालो, हे तिने तुला सांगितलं असेलच. शाल, नारळ, घड्याळ. घरी आलो, घड्याळ भिंतीला लावलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. चार वर्षं घरात एकटा होतो, पण कामावर जात होतो तोवर ते जाणवत नव्हतं.

खरी गोष्ट आता सांगतो. मी आपली मारुती दुरुस्त केली.

जानेवारीत भंगारवाला आला होता. पडवीत ताडपत्रीखाली काय आहे, विचारायला लागला. मी ताडपत्री उचलली. तू गेल्यापासून पहिल्यांदा, सुषमा. चारही टायर जमिनीला बसलेले, टपावर बुरशी, पुढच्या काचेला आतून कोळ्याची जाळी. भंगारवाल्याने दारावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, “इसमें क्या है काका, मिट्टी है.” मी दार ओढलं, कुरकुरत उघडलं. आत बसायला गेलो तर बसताच येईना, गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पार पुढे ओढलेली होती, तुझ्या उंचीला. शेवटी ती गाडी तूच चालवली होतीस. नंतर तिला कोणी हातच लावला नाही. मी तसाच अर्धा आत, अर्धा बाहेर, पाय बाहेर टाकून बसून राहिलो. भंगारवाला बराच वेळ उभा होता, मग कधी गेला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी किसनला बोलावलं. तू त्याला ओळखत नाहीस. विठ्ठलवाडी डेपोत तीस वर्षं एसटीचा मेकॅनिक होता, आता समोरच्या इमारतीत मुलाकडे राहतो आणि कंटाळतो. तो म्हणाला, काम मी सांगेन, हात तुझे चालव. म्हणून मग या वयात मी गाडीखाली झोपलो. एअर फिल्टर उघडला तर उंदरांनी घर केलेलं, त्यात तुझ्या जुन्या दुपट्ट्याच्या चिंध्या. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग काढलं तर पत्रा खाऊन गेलेला, खाली पडवीची फरशी दिसत होती. पत्रा कापायला, वेल्डिंगला एकाला घरी आणला. बाकी घासणं, पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरणं, पुन्हा घासणं हे सगळं मी केलं. वॉटर पेपरने घासून माझ्या बोटांची सालं गेली. कंपनीत पस्तीस वर्षं लेथवर काढली, पण हाताला असं काम आवडलेलं मला आठवत नाही. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून कॉम्प्रेसर भाड्याने आणला, पडवीला प्लास्टिक बांधलं आणि पांढरा रंग मारला. डाव्या दारावर रंगात एक मच्छर चिकटला आहे. किसन म्हणाला राहू दे, घरी केलेल्या कामाची खूण आहे.

काम करताना मला सारखी तू आठवायचीस. शेवटची नाही, आधीची. आपण ती गाडी जुनी घेतली, तेव्हा आपण दोघांनी अंबरनाथच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकदमच नाव घातलं होतं. तू पहिल्या फटक्यात पास झालीस, मी तिसऱ्या. तू चपला सीटखाली काढून अनवाणी चालवायचीस, म्हणायचीस पायाला कळलं पाहिजे. बारवीच्या वळणांवर तू गिअर बदललेला मला कळायचासुद्धा नाही. नेत्रा मागे झोपलेली असायची, तुझी आई पुढे बसून पदराखाली करवंदांचा द्रोण धरायची आणि मला मागे वळून म्हणायची, “जावईबापू, पोरगी कशी पाण्यावानी चालवते बघा.” मी हसायचो. तेव्हा खरंच हसायचो. ते हसू कधी गेलं, ते मी या दोन महिन्यांत शोधलं आणि मला नेमका दिवस सापडला.

कुळगावला माझ्या चुलतभावाची, बाळाची, पोरगी होती बघ, तिची हळद. मंडपाच्या मागे दोन टेम्पोंच्या मध्ये मी गाडी घातली आणि निघताना ती काही केल्या निघेना. एका बाजूला गटार. मी पुढे-मागे करतोय, घाम फुटलाय, सगळी भावकी बाहेर येऊन बघत उभी. तू म्हणालीस, “अहो, मी बघू का?” मी उतरलो. तू सीट पुढे ओढलीस आणि दोन हिसक्यांत गाडी बाहेर. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाळा मोठ्याने ओरडला, “अनंता, तू आता लुगरा नेस रं!” सगळे हसले. तूही हसलीस, पण तुझं हसू माझ्यावर नव्हतं, गाडी निघाल्याचं होतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी कळलं नाही. घरी येईपर्यंत तूच चालवलीस आणि मी वाटभर खिडकीबाहेर बघत होतो. घरी आल्यावर तू किल्ली खुंटीला लावलीस. मी ती काढून खिशात घातली. दुसरी किल्ली कपाटात होती, तीही घेतली. तो रविवार होता.

आणि बुधवारी दुपारी तुझा कंपनीत फोन आला.

तो दिवस मी तुला नव्याने सांगायला नको. आईंना झटका आला, त्यांच्या शेजारच्या गंगूने वाडीतून फोन केला होता, आणि तू मला म्हणालीस, “किल्ली कुठाय? मी गाडी घेऊन निघते.” मी म्हणालो, गाडी बंद आहे, सकाळीच सुरू करून बघितली, होत नाही. तू एवढंच म्हणालीस, “बरं.” रिक्षाने बदलापूर, तिथून एसटी सुटलेली, मग सहा आसनी, मग फाट्यापासून चालत. चाळीस मिनिटांच्या वाटेला तुला अडीच तास लागले. दहाव्याला गंगू मला बाजूला घेऊन म्हणाली, “भावोजी, म्हातारी सारखी दाराकं बघं. सुषी आली का, सुषी आली का. अर्ध्या तासानं चुकली हो.” हे ती तुलाही बोलली असणार. तू कधी बोलली नाहीस.

तू कधीच काही बोलली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं, असं मी किती वेळा मनात म्हटलं. गाडी पडवीत तशीच उभी राहिली. मी कधी मेकॅनिक आणला नाही आणि तू कधी आण म्हणाली नाहीस. पावसाळ्याआधी मी ताडपत्री बदलायचो, तू दुसरं टोक धरायचीस, दोघं मिळून दोरी बांधायचो. सात वर्षं आपण असं केलं. मग नेत्राचं लग्न झालं, पाठवणी झाली आणि आठव्या दिवशी तू पिशवी भरलीस. “आईचं घर बंद पडलंय, दिवा लावायला कोणी नाही,” म्हणालीस. मला वाटलं पंधरा दिवस. डबे भरून गेली होतीस, लोणच्याच्या बरणीवर तारीख चिकटवली होतीस. पुढे मला कळलं, महिन्याभराचं जेवण ठेवून जाणारी बाई पंधरा दिवसांसाठी जात नसते.

आता गेल्या पंधरवड्याचं. नवी बॅटरी घातली, कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतला, टाकी साफ केली, ब्रेकचे सिलिंडर सोडवले. किसनने मला म्हटलं, बस आणि मार किल्ली. पहिल्यांदा नुसतीच घरघरली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा खोकली, निळा धूर सोडला आणि सुरू झाली, सुषमा. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या. मला वाटलं किसन खूश होईल. तो इंजिनावर कान ठेवून बराच वेळ ऐकत राहिला, मग मला म्हणाला, “अनंता, तू ठेवलीस तेव्हा हिला झालं काय होतं?” तो म्हणाला, “मी आयुष्यभर बंद पडलेल्या गाड्या बघितल्या. ही बंद पडलेली नाही. ही बंद ठेवलेली आहे.” आणि फडक्याला हात पुसत घरी गेला. आठ दिवस मी त्याच्याकडे गेलो नाही. मग तोच आला, चहा मागितला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. भला माणूस आहे.

सीटसाठी मी कॅम्प चारला ठाकुरदासकडे गेलो. म्हातारा सिंधी आहे, चष्म्याला दोरी, हातात सतत कात्री. त्याने विचारलं, “साईं, चलाता कौन है? आप?” मी हो म्हणणार होतो. तोंडातून निघालं, “नहीं, मेरी मिसेस चलाती है. बहुत अच्छा चलाती है.” हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो. तेही एका परक्या माणसाला, हिंदीत. त्याला त्याचं काहीच विशेष वाटलं नाही. “तो पीठ के लिए थोड़ी गद्दी ज़्यादा देता हूँ,” म्हणाला आणि टेप काढून तुझी उंची विचारली. मी माझ्या खांद्याजवळ हात धरून दाखवला. हात धरला आणि तसाच काही वेळ राहिला. दुकानातून बाहेर आल्यावर मी समोरच्या फरसाणवाल्याच्या बाकड्यावर बसून घेतलं.

कल्याणला आरटीओत गाडीची तपासणी झाली. पास झाली. परवा मी एकटा बदलापूरच्या पुढे बारवीच्या रस्त्याने थोडा गेलो. पळस फुलले आहेत. पहिल्या चढावर गिअर अडकला, मागचा टेम्पोवाला शिव्या देऊन गेला, आणि मी रस्त्याच्या कडेला थांबून हसत सुटलो. मग बराच वेळ हसू आलं नाही. तिथून तुझा फाटा पंधरा मिनिटांवर होता. मी गाडी वळवली आणि परत आलो. असं न विचारता, न सांगता तुझ्यासमोर येऊन उभं राहायचा मला हक्क नव्हता.

आता पत्र कशासाठी ते. नेत्रा सांगत होती, वाडीत कोणाला बरं नसलं की तूच त्यांना घेऊन निघतेस, आणि फाट्यावर जीपची वाट बघत बसतेस. मागे एका बाळंतिणीला घेऊन तू तास-दीड तास तिथे बसलीस. ते ऐकलं त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. गाडी तुझ्या नावावर करायची आहे. सोबत फॉर्म आहे, माझी सही मी केली आहे, तुझी राहिली. पण सही करायच्या आधी तुला एक कळलं पाहिजे, नाहीतर ही गाडीसुद्धा आणखी एक लबाडी होईल. त्या बुधवारी मी सकाळी गाडी सुरू करून बघितली नव्हती. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या, तुझ्याशी बोलताना मी त्या मुठीत धरल्या होत्या. एका माणसाच्या हसण्यापायी मी तुला तुझ्या आईजवळ वेळेवर पोचू दिलं नाही, आणि मग खोटं खरं वाटावं म्हणून गाडी अकरा वर्षं गंजवली. तुला हे तेव्हाच कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असेल तर ताडपत्रीचं दुसरं टोक तू कशी धरत होतीस, याचा विचार मला करवत नाही. माफ कर म्हणत नाही, ते मागण्याइतकं माझं तोंड नाही. धुळवडीनंतरच्या रविवारी, सोळा तारखेला, सकाळी दहा वाजता मी गाडी घेऊन फाट्यावर येतो. तू आली नाहीस तर गंगूच्या अंगणात लावून, किल्ल्या तिच्याकडे देऊन निघेन, तुझ्या दाराशी येणार नाही. आलीस, तर मी उतरेन आणि तू चालव. बाजूला बसा म्हणालीस तर बसेन. नाहीतर बाराची एसटी आहे.

तुझा, तू म्हणशील तेवढाच,
अनंता