तांड्याचा रकाना

वारंगा फाट्याजवळचा तांडा,
१४ मे २०२४

प्रिय रणजीत भिया,

पुण्यात तू आणि भाभी मजेत असाल. इकडं आपल्या आईचा, याडीचा गुडघा आता बरा आहे, सकाळी शेळ्या घेऊन जाते. फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून लिहून राहिले.

माझा एमएस्सीचा प्रकल्प संपला. विषय तुला सांगितला नव्हता: घराची किंमत कशानं ठरते. पाच वर्षांत फाटा आणि डोंगरकडा गावाच्या बाजूला विकलेल्या एकशे अठरा घरांची माहिती मी दारोदार फिरून गोळा केली. कागदावरचा न्हाई, हातात पडलेला भाव विचारला. जागा किती, हायवे किती लांब, स्लॅब की पत्रे, नळ आहे का. आणि एक रकाना: घर तांड्यात आहे का.

रिग्रेशन नावाच्या आकडेमोडीत बाकी सगळं बराबर धरून एकेका गोष्टीचं वजन वेगळं काढता येतं. तांड्याच्या रकान्यासमोर आलं, उणे एक लाख सत्तर हजार. तेवढीच जागा, तसाच स्लॅब, तोच रस्ता. फक्त घर तांड्यात.

प्रकल्पाचे सर म्हणाले, "शितल, हा रकाना काढ. उगीच वाद होईल."

"काढला तर त्याचं वजन दुसऱ्या रकान्यांवर पडतं, सर. सगळं उत्तरच खोटं होतं."

न्हाई काढला. गुण कमी पडले. पडू देत.

आता जे लिहायचं टाळत होते ते. दिवाळीत शिवप्रसाद शेठ गोदामासाठी आपलं घर बघायला आला. म्हणाला, "तांड्यातलं घर, पाच लाखांच्या वर कोण देणार?" तू बरं म्हणालास. मी तुझ्यावर राग धरला. पण चहा घेऊन मी पण तिथंच उभी होते, आणि एवढी शिकलेली मी, तोंड उघडलं न्हाई. त्याची लाज वाटली म्हणून हा विषय घेतला.

काल त्याच्या दुकानात गेले. कागद पुढं ठेवला. "हेच घर तांड्याबाहेर असतं तर तुमी सहा सत्तर दिले असते."

"पोरी, बाजार असा कागदावर चालत नसतो."

"बाजाराचेच भाव आहेत, शेठ. यातली तीन घरं तुमीच घेतलीत."

त्यानं कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "वीस हजार वाढवतो."

"नका वाढवू. घर द्यायचं न्हाई."

तुला फ्लॅटसाठी पैसे लागतात, ती तकलीफ खोटी न्हाई. माझी नोकरी लागली की हातभार लावीन. पण बापू गेल्यावर घर याडी, तू आणि मी, तिघांच्या नावावर झालंय. याडीनं तुझ्या शब्दाखातर विक्रीच्या कागदावर अंगठा दिला. आज मी पहिल्यांदा तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला इथून कुठं जायचंय?" आपण दोघांनीही हे कधी विचारलं नव्हतं.

माझी सही मिळणार न्हाई. शेठचा फोन येईलच. बहिणीला आवर म्हणेल. त्याला सांग, ती आवरत न्हाई.

तुझ्यावर माया असलेली, तरीही सही न देणारी,
शितल