पत्रास कारण काच

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, चालवून घे). वहिनी, मुलं बरी असतील. इकडे आई ठणठणीत, तुझी भावजय माझ्यावर रागावलेली, म्हणजे सगळं नेहमीसारखं. फोन केला असता, पण फोनवर तू 'हं, हं' करत दुसरंच काहीतरी वाचत असतोस. पत्रास कारण काच.

आईच्या खोलीतल्या खिडकीची, जुनी, मधोमध किंचित लाट असलेली. गल्लीच्या वळणावरून येणारा माणूस त्या लाटेपाशी आला की डुलायला लागतो, थेट तुझ्यासारखा, डावा खांदा आधी आणि उरलेला माणूस मागून. दुपारी ऊन तिरपं झालं की सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी हलते आणि आई खुर्ची ओढून बसते. मग पोस्टमन येतो तो दादा, दूधवाला येतो तो दादा, मीटर बघायला येणारी बाईसुद्धा दोन-चार पावलं दादा असते. आई म्हणते, आला थोरला. मग तो माणूस लाट ओलांडून सरळ होतो आणि आई म्हणते, नाही, दुसराच कोणीतरी. यात तिला वाईट वगैरे वाटत नाही, असं मी बरेच दिवस समजत होतो.

तर या काचेला खालच्या कोपऱ्यात तडा गेला. मी जन्मभर काचा कापतो. कापतो हे आपलं म्हणायला, खरं तर हिऱ्याने ओरखडा काढून तिला कुठून फुटायचं ते सांगायचं असतं, पुढचं ती बघते. ('एकदा हिरा फिरवला की ती निमूट ऐकते' असं मी गिऱ्हाइकाला सांगताना तुझ्या भावजयीने ऐकलं. लग्नात आपल्याला हिरा मिळाला नव्हता, हे तिला तेव्हापासून रोज आठवतं.) पण हा तडा कोणाचं ऐकेना. बरेच दिवस गप्प पडून राहायचा आणि एखाद्या दुपारी नखभर पुढे. मी बघत बसायचो. फार वेळ बघितलं की तो झोपेत वाट चालतोय असं वाटायला लागतं. शेवटी उलगडा झाला. दमट हवा तड्याच्या टोकात शिरली की काच तिथे हळूहळू उकलत जाते. आणि तू 'रविवारी येतो' म्हणालास की आई रविवारभर काचेला नाक लावून बसते. तिच्या श्वासाने काच धुरकटते, तू येत नाहीस, तडा सरकतो.

आता तो लाटेच्या जवळ आला आहे. नवी काच दुकानात तयार आहे, पण तिच्यातून पोस्टमन हा पोस्टमनच दिसतो. म्हणून मी तड्याच्या टोकाला भोक पाडायचं ठरवलं. टोकाला गोल भोक मिळालं की ताण एका जागी न राहता पसरतो आणि तडा थांबतो. काच तापू नये म्हणून आई थेंब थेंब पाणी सोडत होती, मी ड्रिल धरलं होतं, मन कुठेतरी गल्लीत. भोक झालं सुबक. फक्त तड्याचं खरं टोक डोळ्याला दिसतं त्याच्याही पुढे असतं, हे मी दुकानात सगळ्यांना सांगतो आणि घरी विसरलो. तडा भोकाला मागे टाकून आरामात पुढे चालला आहे.

बाकी सारं क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांचे गालगुच्चे घे.

तुझा,
धाकटा

ता. क. येणार असशील तर कळवू नकोस. नुसता ये. कळवलंस की तडा वाढतो.

आणखी ता. क. भोकाचा एक उपयोग झाला. भोकात लाट नाही. त्यामुळे आई दादा दिसला की आता भोकाला डोळा लावून खात्री करते. काल काचेतून दादा होता, भोकातून दूधवाला. हसली, आणि मग खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसली. मला तिच्याकडे बघवेना. दादा, वळणावरून सावकाश ये. आई आधी काचेतून बघेल, मग भोकातून. दोन्हीकडून तूच दिसायला हवास.