निंबस खोलली तो हिवाळा

फॉबोर्ग, ४ नोव्हेंबर १९८६

गुद्रुनताईस, धाकट्या एयनारचा नमस्कार. वि. वि.

बाबांची निंबस मोटारसायकल अखेर खोलली. चालत होती, पण धूर इतका की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. मे महिन्यात आईला ऐंशी पूर्ण होतील. त्या दिवशी तिला साइडकारमध्ये बसवून बॉयडनच्या फेरीधक्क्यापर्यंत न्यायचा बेत आहे.

आई रोज कॉफीचा थर्मास घेऊन शेडमध्ये येते, पावाच्या जुन्या क्रेटवर बसते आणि रॉकेलमध्ये नटबोल्ट धुते. तोंड अखंड चालू. लढाईत जर्मन डेन्मार्कात घुसले तेव्हा गाडी जप्त होऊ नये म्हणून तिने आणि बाबांनी ती सुटी केली होती. टाकी आपल्या बेकरीतल्या पिठाच्या पिंपात, पुढचं चाक आजीच्या पलंगाखाली. लढाई संपल्यावर पुन्हा जोडली, तर दोन नट उरले! ते कुठले, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही, असं सांगून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
एयनार

रोने, १६ नोव्हेंबर १९८६

चि. एयनार, अनेक आशीर्वाद.

चालती गाडी खोलणारा तूच! लहानपणी आजोबांचं घड्याळ खोललं होतंस, ते अजून डब्यातच आहे. आईला साइडकारचं वेड कधी होतं, मला आठवत नाही. पण तिला थंडीत जप. इकडे बेटावर वादळाने बोटींच्या फेऱ्या बंद आहेत, हेरिंग मासेसुद्धा महाग झालेत. भांडायला का होईना, पण लिहीत जा.

गुद्रुन

फॉबोर्ग, १८ जानेवारी १९८७

ताई, नमस्कार. वि. वि.

इंजिन तयार झालं, आता रंग. आईला मात्र मी घरात बसवलंय. तिला खोकला आहे, शिवाय तिच्या गप्पांत माझा हात चालत नाही, आणि हवा तो नट नेमका तिच्या ऍप्रनच्या खिशात सापडतो. हट्ट करत होती. मेमध्ये गाडी हवी ना, मग आत बस, असं जरा चढ्या आवाजात सांगितलं. आता काम झपाट्याने होतंय. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असते.

तुझाच एयनार

रोने, ९ फेब्रुवारी १९८७

चि. एयनार, आशीर्वाद.

काल आईचा फोन आला. खोदून विचारलं तेव्हा बोलली. साइडकारची तिला पहिल्यापासून भीती वाटते. बाबांचं मन मोडू नये म्हणून डोळे मिटून बसायची. पण शेडमध्ये बसायला तिला फार आवडायचं. मोठा झाल्यापासून तू तिच्याजवळ इतका वेळ कधी बसलाच नव्हतास, म्हणाली. गाडी लवकर होऊ नये म्हणून नट मुद्दाम खिशात टाकायची. हे सांगून खुदुखुदु हसली.

वेड्या, शेडमध्ये शेगडी लाव, तिला शाल गुंडाळ आणि बोलावून घे. गाडी मेमध्ये नाही झाली तर नाही झाली.

गुद्रुन

फॉबोर्ग, २६ एप्रिल १९८७

ताई, नमस्कार.

फेब्रुवारीत आई गेली त्याच दिवशी तुझं ते पत्र आलं होतं. सांत्वनाच्या पत्रांच्या ढिगात पडून राहिलं, ते काल उघडलं. अंत्यविधीला आलीस, आठवडाभर राहिलीस, पण यातलं एका शब्दानेही बोलली नाहीस. मी वाचलंय, असंच तुला वाटलं असणार. तरीही माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस.

गाडी पूर्ण झाली. काळीभोर, आरशासारखी. बॉयडनपर्यंत नेऊन आणली. धक्क्यावरचे लोक भोवती जमले, वाहवा करत होते. कुणीतरी विचारलं, एवढं सगळं एकट्याने केलं का. मी हो म्हणालो. नटबोल्ट तर आईनेच धुतले होते.

उन्हाळ्यात ये. फिरायला नेणार नाही. शेडमध्ये शेगडी आणून ठेवली आहे. बिघडलेलं असं आता काही उरलेलं नाही, पण काहीतरी खोलून बसू. काम नको करूस. नुसती बोलत बस.

वाट बघणारा,
एयनार