तू उभी केलेली माणसं

प्रदीप,

आज तुला आशीर्वाद नाहीत. आधी ऐकून घे.

रिटायर झाल्यावर मी जुनी व्हॅन घेतली, आत पलंग आणि शेगडी बसवून घेतली, ती एकटीनं हिंडायला. सोलापुरातून निघताना तुला तसं बजावलंही होतं. मग आज करमाळ्यात हा काय तमाशा लावलास?

किल्ल्यापाशी गाडी लावली न लावली, तोच एक मेडिकलवाला चहा घेऊन हजर. "प्रदीपभाऊंच्या आई न्हवं? त्यांचा फोन आलता की." दुपारी देवळाजवळच्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या मोजत उतरत होते. बावन्नपर्यंत आले आणि वरून एक बाई ओरडली, "मावशी, दमानं! प्रदीपभाऊंनी लक्ष ठेवा म्हटलंय!" झालं, आकडा विसरले. औषधांच्या ऑर्डरी घेत दोन-तीन जिल्हे फिरतोस, म्हणून गावोगावच्या ओळखी आईच्या मागावर सोडायच्या? चौतीस वर्षं नर्स म्हणून रात्रपाळ्या केल्या, तेव्हा मला घरापर्यंत सोडायला कोण येत होतं रे?

संध्याकाळी मुद्दाम, तुला न कळवता, गावाबाहेर तळ्याकाठी गाडी लावली. कुणीसुद्धा आलं नाही. सवयीनं म्हण, चहा दोघांचा टाकला, आणि रस्त्याकडे बघत बसले तोवर तो गार झाला.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू माझं ऐकशील, आणि उद्या परांड्याच्या किल्ल्यापाशी कुणीच उभं नसेल.

जयभीम.
तुझी आई,
मुक्काम व्हॅन